उपकरण ओळखता आले नाही

एंदाहने कात्रीचे टोक वडिलांच्या ओठापासून जरा लांब धरले आणि मिशीचे चार केस कापले. पलंगावर आडव्या दांडीला बसवलेल्या लॅपटॉपमधून एका बाईचा गोड, सपाट आवाज आला.

“डावी बाजू जास्त गेली.”

“काही गेली नाही, बापक. हलू नका.”

हलण्याचा प्रश्नच नव्हता. तो त्या दोघांचा जुना विनोद होता. आजाराने तिच्या वडिलांचे, दार्सोनोंचे, हातपाय नेले होते, मग जीभ, मग श्वास. गळ्यातल्या नळीला लावलेले यंत्र आता त्यांच्यासाठी श्वास घेई. राहिले होते डोळे. पडद्याखालचा कॅमेरा त्यांची नजर टिपे, नजर जिथे थांबे ते अक्षर उमटे, आणि वाक्य पुरे झाले की लॅपटॉप ते बोलून दाखवी.

“अर्ध्या सोलो शहराची डोकी मी भादरली,” बाईचा आवाज म्हणाला. “आणि तू मला शिकवतेस.”

दार्सोनोंची धाकटी बहीण, बुलिक सुम, तव्यावरचे सोयाबीनचे तेंपे उलटता उलटता स्वयंपाकघरातून ओरडली, “कांग, त्या आवाजात तुम्ही अगदी सासूबाईंसारखे बोलता!”

पडद्यावरचा नजरेचा ठिपका बराच वेळ फिरला. एंदाहने कात्री पुसून ठेवली तरी वाक्य येईना. शेवटी आले.

“या घरात माझं ऐकणारी ही पहिलीच बाई.”

बुलिक सुम उलथने हातात घेऊनच हसत बाहेर आली. एंदाहही हसली, पण तिचे लक्ष ठिपक्याकडे होते. दोन दिवस तो असाच अडखळत होता. एका अक्षरावर जाऊन चिकटायचा, मग भलत्याच कोपऱ्यात घसरायचा. संध्याकाळी दार्सोनोंनी लिहायला घेतले, “उद्या”, आणि पुढे नुसती ‘आ’ची रांग लागली. बाईचा आवाज तो ‘आ’ लांबवत राहिला. शेवटी एंदाहने लॅपटॉपचे झाकण मिटले.

“सिस्टिम जुनी झाली आहे,” ती म्हणाली. “कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तिच्यावर नीट चालत नाही. उद्या नवीन टाकते. दुपारपर्यंत बोलायला लागाल.”

सकाळी तिने लॅपटॉप टेबलावर घेतला आणि पलंगाकडे पाठ करून बसली. पडद्याच्या कोपऱ्यात एक घंटा असायची. घशात कफ दाटला की दार्सोनो तिच्याकडे बघत आणि ती वाजे. आज घंटा नव्हती. एंदाह एका कानाने श्वासयंत्राची लय ऐकत होती. ती जरा बदलली की हातातले टाकून उठत होती, कफ ओढून घेत होती, परत येऊन बसत होती.

“दवाखान्यात चार माणसं तरी लागतात असल्या कामाला,” बुलिक सुम चहा ठेवत म्हणाली. “तू एकटी काय काय करशील?”

“तुम्ही त्यांच्याजवळ बसा, बुलिक. तेवढं पुरे.”

नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावला. निळा पडदा उजळला, भाषा विचारणारी चौकट आली, आणि तिथेच सगळे गोठले. बाण हलेना. तिने माउस काढून परत लावला. त्याच्या पोटातला दिवाही विझलेला होता. चौकटीखाली ओळ होती: आवश्यक ड्रायव्हर सापडला नाही. आता ना पुढे जाता येत होते ना मागे. जुनी सिस्टिम तर तिने सकाळीच पुसली होती.

“जमतंय ना?” बुलिक सुमने विचारले.

“जमतंय. घाबरायचं काही नाही, हो ना बापक?”

हो म्हणायचे असले की दार्सोनो वर बघत, नाही म्हणायचे तर खाली. एंदाहने मागे वळून पाहिले नाही.

नाक्यावर दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या जारोतला तिने फोन लावला. कधीकाळी दार्सोनोंच्याच खुर्चीत बसून त्याने लग्नासाठी केस कापून घेतले होते.

“म्बाक एंदाह, पेनड्राइव्ह कुठल्या भोकात आहे? निळ्या?”

“निळ्या.”

“तिथंच घोडं अडलंय. आत चढवणारा जो प्रोग्राम आहे ना, त्याला निळं भोक कशाशी खातात ते ठाऊक नाही. उपसा आणि काळ्यात घाला. माउसपण काळ्यात.”

“मधेच उपसू? सगळं जाईल.”

“जायला राहिलंय काय? अहो, नवरदेव रुसलाय. पुढच्या दारानं येत नाही तर मागच्यानं आणायचा.”

तिने श्वास धरून पेनड्राइव्ह उपसला आणि काळ्या भोकात घातला. माउसच्या पोटात लाल दिवा लागला. बाण हलला. तिने जारोतला धन्यवादही न देता फोन ठेवला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

सिस्टिम चढायला वेळ लागला. गल्लीतून मांसगोळ्यांचे सूप विकणारा बाकसोवाला भांड्यावर चमचा वाजवत गेला. बुलिक सुम भावाच्या तळपायांना तेल चोळत त्याला कुणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्याची गोष्ट सांगत होती. मध्येच ती थांबली.

“कांग आज माझ्याकडे बघत नाहीत गं.”

“दमले असतील. रात्री झोप झाली नाही.”

नव्या सिस्टिमने कॅमेऱ्याला आधी नाकारले. यादीत त्याच्या जागी पिवळे चिन्ह आले: उपकरण ओळखता आले नाही. तिला जवळजवळ हायसे वाटले. म्हणजे दोष सापडला होता. तिने ड्रायव्हर शोधून उतरवला, चढवला, लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅमेऱ्यात लालसर ठिणग्या उजळल्या.

आधी तिने स्वतःवर करून पाहिले. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि अक्षरांकडे बघू लागली. ठिपका तिच्या नजरेच्या पुढेच धावत होता.

“बुलिक सुम फार बोलते,” बाईचा आवाज म्हणाला.

बुलिक सुमने तेलकट हातांनी टाळी वाजवली. “हरामखोर! पण आवाज आला गं बाई परत!”

एंदाहने दांडी पलंगावर सरकवली, पडदा वडिलांच्या चेहऱ्यासमोर आणला, उंची नीट केली. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत दोन पांढरे ठिपके दिसले. कॅमेऱ्याला डोळे सापडले होते.

“बघा, बापक. गोळा जाईल तिकडे बघायचं, नेहमीसारखं.”

निळा गोळा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, वर गेला. दोन पांढरे ठिपके जागचे हलले नाहीत. लॅपटॉपने पुन्हा प्रयत्न करायला सांगितले. तिने पुन्हा केला. मग कॅमेऱ्याची वायर काळ्यातून काढून निळ्या भोकात घातली, निळ्यातून काळ्यात. खिडकीचा पडदा ओढून उजेड कमी केला. ड्रायव्हर काढून टाकला, दुसऱ्यांदा चढवला. जारोतला परत फोन केला.

“कॅमेरा लागतोय, पण पकडत नाहीये. अजून जुना एखादा ड्रायव्हर असेल का?”

“दिवे लागलेत?”

“लागलेत.”

“तुमच्या डोळ्यांनी चाललं?”

“चाललं. झकास चाललं.”

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता.

“हॅलो?”

“म्बाक,” तो हळू म्हणाला, “मग ड्रायव्हर बरोबर आहे.”

“वायर असेल.”

“म्बाक, मी येऊ का तिकडे?”

“वायरच असेल,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. वायर तिने हातात घेतली. टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेली, तुटलेली जागा लागेल म्हणून. वायर अखंड होती. क्वचित काहींच्या डोळ्यांची हालचालही जाते, असे डॉक्टर मागे एकदा दारातून निघता निघता म्हणाले होते, आणि तिने त्यातला ‘क्वचित’ तेवढा घट्ट धरून ठेवला होता.

तिने वायर सोडली. लॅपटॉपची दांडी बाजूला ढकलली आणि वडिलांच्या चेहऱ्यासमोर स्वतःचे बोट धरले. डावीकडे नेले. उजवीकडे नेले. दार्सोनोंचे डोळे उघडे होते, ओले होते, छताच्या आणि तिच्या खांद्याच्या मधे कुठेतरी लागलेले होते. बोट गेले तरी ते गेले नाहीत.

“वर बघा, बापक. नुसतं हो म्हणा.”

श्वासयंत्राने हवा आत ढकलली, बाहेर सोडली.

“कान शाबूत आहेत ना त्यांचे?” बुलिक सुमने विचारले.

“आहेत. ऐकू येतं. सगळं ऐकू येतं.” तेच बोलता बोलता एंदाह पलंगाच्या काठावर बसली. आत कुठेतरी ते जागे होते, या दोघींचे बोलणे ऐकत होते, आणि आता घंटा वाजवू शकणार नव्हते.

ती पुढे वाकली, अगदी त्यांच्या नजरेच्या वाटेत येईल इतकी. आजार कळला तेव्हापासून ते तिला अधूनमधून विचारत, घाबरलीस का गं, आधी तोंडाने, मग त्या बाईच्या आवाजात. ती दर वेळी म्हणायची, छे.

घरच्या रीतीप्रमाणे वडिलांशी ती जावानी भाषेच्या मानाच्या बोलीतच बोलत आली होती. त्या बोलीत भीतीला जो शब्द आहे तोच आदरालाही आहे. मुलीने तो वडिलांपुढे उच्चारला तर कुणी चपापत नाही. एंदाहच्या ओठांवर तो आला, आणि तिने तो गिळला. गल्लीत, बाजारात, बरोबरीच्या माणसांशी बोलतात तो उघडावाघडा शब्द तिने घेतला.

“मला भीती वाटते रे, बापक,” ती म्हणाली. “फार भीती वाटते.”