रतनी आणि लंगडी

कुत्र्यांना सुया टोचणारी गाडी वस्तीवर येणार होती, त्या दिवशी सकाळपासूनच नाथाजी आणि मनुबाईचं वाजलं होतं. मनुबाईचं म्हणणं, फुकटची सुई आहे तर घ्यावी टोचून. नाथाजीचं डोकं मात्र पक्कं धनगराचं. सुई टोचली की कुत्र्याचं नाक मरतं, असं त्याचा बाप सांगायचा, आणि बाप जाऊन वीस वर्षं झाली तरी त्याचा शब्द खोडायची नाथाजीची छाती नव्हती. नाक मेलेली कुत्री शंभर मेंढरांमागं काय कामाची? त्यानं आपल्या रतनी कुत्रीला ओढ्यातल्या बाभळीला बांधलं आणि अर्जुना गार्डाला खुशाल सांगितलं, की कुत्री भावाच्या कळपाबरोबर कोरेगावाकडं गेलीय.

अर्जुना वनखात्यात होता, पण मेंढपाळाच्याच घरात वाढलेला. सुई न टोचलेल्या कुत्र्यांचा रोग लांडग्यांना लागतो आणि जतच्या या माळावर लांडगे उरलेत ते बोटावर मोजण्याएवढे, हे त्यानं परोपरीनं समजावलं. नाथाजीनं मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

लांडग्यांचं त्याला वावडं होतं असं मुळीच नाही. टेकाडापलीकडच्या लंगड्या मादीला तो सात वर्षं ओळखत होता. वर्षातून दोन-तीन कोकरं ती न्यायची. नाथाजी तोंडभर शिव्या घालायचा, पण दगड उचलायचा नाही. तिचा वाटा तिनं नेला, म्हणायचा. रतनीसुद्धा तिला टेकाडापर्यंतच पिटाळायची आणि शेपटी हलवत माघारी यायची. लंगडीचं बीळ कुठं आहे हे माळावर एकट्या नाथाजीला ठाऊक होतं आणि ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

फाल्गुनात पाझर तलावाचं नुसतं डबकं उरलं. रतनी तिथंच पाणी प्यायची आणि लंगडीही तिथंच. आधी रतनीचे डोळे चिकटले. मग जबडा आपोआप कटाकटा वाजायला लागला. आठवड्यात ती मेली. नाथाजीनं तिला आपल्या घोंगड्यात गुंडाळून पुरलं आणि दोन दिवस भाकरीला शिवला नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी लंगडी कळपात आली. मेंढरं पांगली. एक कोकरू तिच्या पुढ्यातच घुटमळलं, पण तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. झोकांड्या खात ती डबक्याशी गेली आणि पाण्यात तोंड घालून तशीच उभी राहिली. तिला पाणी पिता येईना. जबडा वाजत होता, रतनीचा वाजायचा तसाच. ती आडवी होऊन थंड पडेपर्यंत तो दहा हातांवर बसून राहिला.

मनुबाईनं फोन केला तसा अर्जुना आला. त्यानं मादीचे चिकटलेले डोळे बघितले आणि विचारलं, "नाथातात्या, रतनी कुठं हाय?"

"मेली. अशीच मेली," नाथाजी म्हणाला. "कोरेगावला गेलीच नव्हती ती. मीच लपिवली हुती, वड्यात."

अर्जुनानं चार शिव्या घातल्या असत्या तर नाथाजीला बरं वाटलं असतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "हिची पिल्लं असत्याली. बीळ ठावं हाय का तुमाला?"

सात वर्षं जपलेली जागा नाथाजीनं आपण होऊन दाखवली. बिळाच्या तोंडाशी तीन पिल्लं पडली होती. चौथं आत होतं. अर्जुनानं हात घालून ते बाहेर काढलं, तेही गार होतं. नाथाजी तिथंच मातीत बसून लहान पोरासारखा रडला.

पाडव्याला शेजारचा बाळासो वस्तीवर आला. सुटलास गड्या, म्हणाला, लांडग्यांची पीडा गेली, आता मेंढरं कुठंबी सोड. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक चांगल्या हाडाचं नाथाजीसाठी राखून ठेवतो, असं सांगून चहा पिऊन तो गेला.

"आवं, आणायचं का पिल्लू?" मनुबाईनं विचारलं.

नाथाजी टेकाडाकडं बघत होता. मेंढरं टेकाड ओलांडून पार पलीकडं चरत होती आणि त्यांच्यामागं कुणीच नव्हतं.

"कशाला?" तो म्हणाला. "राखायचं कुणापासनं?"