सव्वीस बाय दीड

मी विमा कंपनीत क्लेम तपासणारा अधिकारी. म्हणजे लोकांवर संशय घ्यायचा पगार घेतो. आग लागली? कशी लागली? कुणी पाहिली? चोवीस वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवालीकडेही पुरावा मागतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मला नावं ठेवणार आहात. ठेवा. माझी मीही ठेवतोच आहे.

मूळचे आम्ही सांगलीचे. बदल्या होत होत २००६ साली जयपूरला आलो, तिलक नगरात भाड्याने राहिलो. थोरला कौशिक नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची माउंटन बाईक मागे राहिली. ती धाकट्या सावनीने घेतली. सावनी जगतपुऱ्याच्या एका कॉलेजात लॅबमध्ये नुकतीच लागली होती. स्कूटी घेऊन देतो म्हटलं तर नको. पण त्या सायकलचे टायर डोंगरात चालवायचे, जाडजूड, खवल्याखवल्यांचे. डांबरी रस्त्यावर नुसतं घूं घूं. पोरगी घरी यायची ती घामाने निथळत.

"बाबा, मतलब, मी पेडल मारते आणि सायकल विचार करते, जाऊ की नको," ती म्हणायची.

बारीक, गुळगुळीत टायर घातले की काम होणार होतं. म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं नाक्यावरच्या सुखदेवजींच्या दुकानात गेलो. साठीचा माणूस, काळे हात, कमी बोलणारा. सावनी रोज जाताना तिथे हवा भरायची. तिला ते बिटिया म्हणायचे, ती त्यांना अंकल.

त्यांनी एक टायर काढून दिला. वर लिहिलेलं, २६ गुणिले १.५०. किंमत ऐकली आणि माझ्या आतला क्लेमवाला जागा झाला. मी वर पाहिलं. खुंटीला दुसरा टायर लटकत होता, निम्म्याहून कमी किमतीचा. त्यावर २६ गुणिले १½.

"हा द्या," मी म्हणालो.

"वो लेडीज़ साइकिल का है, साहब. इस रिम पे नहीं बैठेगा."

"का नाही बसणार? दीड म्हणजे दीड. एक पॉइंट पाच म्हणजेही दीड. मी बी.एस्सी. मॅथ्स आहे!" हे सगळं मी हिंदीत म्हणालो, माझ्या त्या सांगली छापाच्या हिंदीत.

"लिखने में एक है साहब, रिम अलग है."

झालं. दुकानात चारपाच माणसं हवा भरायला थांबलेली. त्यांच्यासमोर एक पंक्चरवाला मला गणित शिकवतोय! माझा आवाज चढला. "लड़की देखी नहीं कि लूटना शुरू! चोर हो तुम, झूठे!" असं मी म्हणालो. अगदी याच शब्दांत. आजही लिहिताना कानशिलं तापतात.

सुखदेवजींनी काढलेला टायर परत जागेवर ठेवला, खुंटीवरच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "और कहीं से ले लो साहब. मैं ये वाला बेचूँगा नहीं."

सावनीने मान खाली घातली होती. मला वाटलं, तिला दुकानदाराची लाज वाटली.

मंगळवारी एका कारखान्याच्या तपासणीला झोटवाड्यात गेलो, तेव्हा तिथल्या एका दुकानातून तोच स्वस्तातला टायर घेतला. जोडी घेतली. दुकानदाराने कुठल्या सायकलला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. संध्याकाळी अंगणात सायकल उलटी करून बसलो. जुना टायर काढायला स्वयंपाकघरातून डाव आणला. "अहो, वरणाचा डाव आहे तो!" प्रतिमा ओरडली. बायको असली की ओरडणारच. मी दुर्लक्ष केलं.

नवा टायर मात्र डावाशिवाय, नुसत्या हाताने चढला. कसा सर्रकन चढला!

"बघ सावनी," मी म्हणालो. "म्हणे रिम अलग है! चोर लेकाचा."

आणि पंप मारायला लागलो. दहा पंप, वीस पंप. टायरच्या कडेतून ट्यूब पुरीसारखी फुगून बाहेर आली. सावनी म्हणाली, "बाबा, थांबा." मी थांबणाऱ्यातला? पडलो तरी नाक वर. अजून चार पंप मारले.

फाट!

वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. प्रतिमा "सिलिंडर, सिलिंडर" करत बाहेर पळाली. मी हातात पंप धरून उभा. टायर मोठ्या रिमचा होता, सैल होता, म्हणूनच तो सर्रकन चढला होता. बी.एस्सी. मॅथ्स!

सावनी हसेल असं वाटलं होतं. हसली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ते खरं सांगत होते. दोन दिवस मी लांबच्या रस्त्याने जाते, माहितीये? त्यांच्या दुकानासमोरून जायला मला शरम वाटते." मग हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना सॉरी म्हणा ना. फक्त एवढंच."

उरलेला आठवडा ती बसने गेली. रविवारी मी सायकल ढकलत सुखदेवजींकडे गेलो. जाताना ठरवलं होतं, पहिल्यांदा माफी, मग टायर. पण बाकावर पुन्हा दोघं जण बसलेले. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "एका मित्राने चुकीचे टायर आणून दिले."

सुखदेवजींनी ती फाटकी ट्यूब पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "हो जाता है," म्हणाले आणि कामाला लागले. त्या दिवशीचेच टायर, त्या दिवशीचीच किंमत. एक पैसा वाढवला नाही. चाक फिरवून, कान लावून, दोनदा तपासून दिलं. मी पैसे दिले आणि धीर केला.

"सुखदेवजी, वो उस दिन..."

त्यांनी हात पुसत वर पाहिलं. बाकावरचे दोघंही बघायला लागले.

"उस दिन... गर्मी बहुत थी," मी म्हणालो.

"जयपुर है, साहब," ते म्हणाले.

घरी आलो तर सावनी दारातच. "म्हणालात?"

"म्हणालो ना," मी म्हणालो. खोटं कसं लगेच येतं जिभेवर! तिने चक्क गळ्यात हात टाकले. "आई, बाबा सॉरी म्हणाले!" प्रतिमाने माझ्याकडे एक नजर टाकली आणि पोळ्या लाटायला आत गेली. तिला कळलं असणार.

पुढे आठ दिवस मी रोज सकाळी सावनी निघेपर्यंत दारात घुटमळायचो. सावनी पुन्हा त्याच रस्त्याने जात होती. आज ना उद्या ती विचारणार आणि तो माणूस सांगणार, तुझे पापा तर काहीच बोलले नाहीत. आणि का सांगू नये त्याने?

नवव्या दिवशी ती हसतच घरी आली. सायकल आता आवाज करत नव्हती, म्हणून ती आलेली मला कळलीच नाही.

"बाबा, मी आज अंकलना विचारलं, पापा खरंच सॉरी म्हणाले? ते म्हणाले, बिटिया, तेरे पापा ने सबके सामने हाथ जोड़े. बड़े आदमी हैं." तिचे डोळे भरले होते. "मला इतका प्राउड वाटला तुमचा, मतलब, काय सांगू."

चोवीस वर्षं खोटं पकडण्याचा पगार घेतो मी. पण कुणी माझी लाज झाकायला खोटं बोललेलं एकही प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

"सावनी," मी म्हणालो, "तो माणूस तुझ्याशी खोटं बोलला."

तिचा चेहराच उतरला. "बाबा, परत?"

"परत नाही गं. ऐक. मी माफी मागितलीच नव्हती. गरमीबद्दल बोलून परत आलो. तुझ्याशी मी खोटं बोललो आणि तुझ्यासमोर माझं नाक राहावं म्हणून तोही बोलला."

मला वाटलं, आता आत जाईल आणि दार लावून घेईल. तिने सायकल वळवली.

"चला," ती म्हणाली.

"आत्ता?"

"दुकान उघडं आहे."

मी चपला घातल्या. ती सायकल हातात धरून पुढे, मी मागे. रस्ताभर 'मुझसे गलती हुई' घोकत होतो. दुकान आलं. बाकावर नेहमीची मंडळी होती. सुखदेवजींनी मान वर केली आणि मला एक शब्द आठवेना. नुसते हात जोडले गेले.