स्पिरिदोनचा काढा

आमच्या रोदोपीच्या डोंगरात माश्टेर्का नावाची, ओव्याच्या वासाची रानवनस्पती उगवते. तिच्या काढ्याने छातीतला कफ सुटतो. मी गावची नर्स, मीही तो देते. पण शेजारचा स्पिरिदोन, तीन पुस्तकं वाचून पंडित झालेला, तो काढा न्यूमोनियावर रामबाण म्हणून सांगत हिंडायचा.

मार्चमध्ये त्याची बायको रुमेना तापाने फणफणली. मी गेले तेव्हा ती टॉवेलखाली काढ्याची वाफ घेत होती आणि तिचे ओठ निळे पडले होते.

"स्पिरिदोन, हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने."

त्याने एक छापील कागद पुढे केला. "स्टानकाताई, हा वाच. विज्ञानाने सिद्ध झालंय."

मी वाचला. "अरे शहाण्या, काढा देऊन तपासलेली ही माणसं साध्या खोकल्याची होती. त्यांचा खोकला दोन दिवस आधी कमी झाला, एवढंच लिहिलंय. न्यूमोनियाचं नावही नाही यात."

"तुम्हा गोळ्यावाल्यांना पोटशूळच उठणार!"

त्या गाढवाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रुमेनाला कोटात गुंडाळून मी भावाच्या गाडीतून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. न्यूमोनियाच निघाला. अँटिबायोटिक सुरू झालं आणि नवव्या दिवशी ती घरी आली.

रविवारी चर्चच्या पायरीवर स्पिरिदोन चारचौघांना सांगत होता, "माझ्या काढ्यानेच वाचली ती."

रुमेना मागेच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "नऊ दिवसांत तू इस्पितळात एकदाही फिरकला नाहीस. मग काढा पाजला कुणी?"

तो टोपी कपाळावर ओढून भराभर पायऱ्या उतरून गेला. मला त्याची कीवसुद्धा आली नाही.