ढमीची कुट्टी

आजच्या हवेत ती जगायची नाही, असं शहाणी माणसं रोज पेपरात लिहीत होती. वैरणवाले मामा तो पेपर बुडाखाली घालून वर आरामात चहा प्यायचे. जगायची नाही म्हणे! खायला घातलं तर कोण जगत नाही?

कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशी झालेली ही लांब मानेची जात प्रयोगशाळेवाल्यांनी एका अंड्यातून परत आणली होती. जगात ती एकटीच. कागदोपत्री तिला नुसता आकडा होता, मामांनी नाव ठेवलं ढमी. काचघरातला कोवळा पाला पुरेना झाला तेव्हा, दोन वर्षांची असताना, ती मामांच्या हाती आली. मामा दिसले की मान खाली आणून त्यांचं टक्कल हुंगायची. मामा म्हणायचे, "अगं बाई, तिथं काही उगवत नाही!"

मामांच्या तीन पिढ्या गुरांमागे गेल्या. ढमीला दाढाच नाहीत, पुढचे खुंटीसारखे दात नुसता पाला ओरबाडतात, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि त्यांचा जीव तुटला. बिचारी चावणार कशी? प्रयोगशाळेच्या साहेबांच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी वैरण बारीक कापायचं कुट्टीचं यंत्र आणवलं. फांद्या, पाला, सगळं त्यातून काढून मऊसूत करून घालायला लागले, म्हाताऱ्या बैलाला घालतात तसं. ढमी ढिगारेच्या ढिगारे फस्त करायची आणि मामांना धन्य वाटायचं.

पण हिवाळ्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. मामांनी कुट्टी दुप्पट केली, आणखी बारीक केली. बरगड्या आणखी वर आल्या. पेपरवाल्यांना उकळ्या फुटल्या.

एका सकाळी ढमी बसली ती उठेचना. डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस तिचं शेण चिवडलं आणि मामांना बाजूला घेतलं.

"मामा, ही कुट्टी कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला हवं? दाढा नाहीत तिला."

"म्हणूनच नको होती हो! ही जात चावतच नाही. अख्खी फांदी गिळायची, पंधरा पंधरा दिवस पोटात कुजवायची, तेव्हा कुठे अंगी लागणार. तुमची कुट्टी दोन दिवसांत जशीच्या तशी बाहेर पडतेय."

मामांनी वळून यंत्राकडे पाहिलं. "म्हणजे, हवा..."

"हवेला काय धाड भरलीय!" बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मामांनी यंत्र बंद केलं. अख्ख्या फांद्या ओढून आणल्या, स्वतःच्या हातांनी तिच्या तोंडाशी धरल्या. ढमीने पडल्या पडल्या एकेक गिळली. बाईंनी सलाईन लावलं, जमेल ते सगळं केलं. पण पोटात कुजून अंगाला लागेपर्यंत थांबायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.

साहेबांनी अहवालात लिहिलं, आजच्या जगात या प्राण्याचा टिकाव लागणं अशक्य. मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, जगाचं नाव कशाला घालता? माझं घाला."

"मामा, तुम्ही घरी जा," साहेब मान वर न करता म्हणाले.

घरी बायकोने ताट वाढलं. मामांनी अन्नाला हात लावला नाही. ती जवळ बसली, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नका ना असं जिवाला लावून घेऊ. शेवटी पोटभर खाऊन तर गेली."

"पोटभर तर ती रोजच खात होती गं," मामा म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले.