गप बसायचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बाभळीच्या लाकडाचा, चार पायांचा, आणि पाठ नसलेला. सध्या माझा मुक्काम एका विहिरीवर आहे. विहिरीच्या कठड्यात शिडीसाठी वाट सोडली आहे, नेमका तिच्यात मी आडवा पडलो आहे. बाकाने असं वाट अडवून बसू नये, हे मलाही कळतं. पण मी इथे का आलो ते ऐकलंत तर मला उचलायला कुणी येणार नाही, अशी आशा आहे.

माझा जन्म कुंडलजवळच्या एका गावातला. गावातल्या माणसांनी मिळून क्रीडा मंडळ काढलं, तेव्हा मैदान करताना बांधावरची बाभळ मध्ये आली. ती तोडली आणि जोतीराम सुतारांनी तिच्यातून मला घडवलं. मंडळाचे पहिले अध्यक्ष हरिबा समोर उभे राहून बघत होते. जोतीराम पाठीची फळी ठोकायला निघाले, तसा हरिबांनी त्यांचा हात धरला.

"पाठ नगं. टेकायला मिळालं की मानूस डुलक्या घ्यायला लागतंय."

म्हणून मी बिनपाठीचा राहिलो. थोडं वाईट वाटलं, पण त्याला कारण होतं, तेव्हा रुसलो नाही.

मंडळाचे सभासद पुष्कळ होते. वर्गणी भरली की कुणीही खेळायला यावं. कारभार बघणारी कार्यकारिणी मात्र लहान, आणि तिच्यात सगळेच एकदम बोलायचे. बैठक पार हातघाईवर यायची. त्यावर हरिबांनी एक रीत घालून दिली. ज्याला पुढे कार्यकारिणीत यायचं आहे, त्याने आधी एक वर्ष माझ्यावर बसायचं. भिंतीकडेला बसून ऐकायचं, कारभार कसा चालतो ते शिकायचं, आणि तोंड उघडायचं नाही. काही सांगायचंच असेल तर बैठकीआधी बाहेर चिटणीसाच्या कानावर घालायचं. आत तोच बोलेल. वर्ष नीट काढलं की वार्षिक सभेत माझ्यावरून उठून खुर्चीवर बसायचं. मध्येच बोललं तर उठून घरी जायचं. गावाने माझं नाव ठेवलं, गप बसायचा बाक.

माझे ते दिवस मानाचे होते. "बाकावरनं उठलेला गडी हाय," असं सांगितलं की समोरचा माणूस चहा मागवायचा. मेढ्याकडचे खेळाडू सामन्याला आले की मला मुद्दाम बघून जात. पुढे मंडळाचं कार्यालय पक्कं झालं, गुबगुबीत खुर्च्या आल्या. रीत चालू राहिली, पण माझी विचारपूस कुणी करेना. माझा एक पाय डुगडुगू लागला. त्याच्याखाली फरशीचा तुकडा सरकवून लोक मोकळे झाले.

पायाचं दुखणं मी सोसलं असतं. त्याहून मोठी चिंता दुसरीच होती. माझ्यावर गप बसायला शिकलेली माणसं खुर्चीवर गेली तरी गपच बसत होती. आताचे अध्यक्ष नानासो, फौजेतून आलेले, मनाने सरळ. तरुणपणी माझ्यावर त्यांच्याइतकं ताठ कुणीच बसलं नव्हतं. प्रत्येक विषयाला ते विचारत, "कुनाची हरकत?" सगळे छताकडे बघत. "न्हाई न्हवं? मग मंजूर." एकेकाळी इथे भांडणं व्हायची, हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं. या शांततेचं सगळ्यांना कौतुक होतं. मला मात्र तिची भीती वाटायची.

यंदा माझ्यावर अपेक्षा बसली. पहिलीच मुलगी. कबड्डीत चढाईला जायची आणि उन्हाळ्यात मंडळाच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवायची, पाठीला डबा बांधून. तिचं नाव निघालं तेव्हा कार्यकारिणीतले बिरदेव हसले होते. "ही वरीसभर गप बसंल? हिला एका दमात कबड्डी कबड्डी म्हनायची सवय हाय." पण अपेक्षा बसली. मुलींना मैदानावर संध्याकाळची वेळ मिळावी, हे तिला खुर्चीवर बसून मांडायचं होतं. तेवढ्यासाठी तिने ओठ मिटून घेतले होते. माझा डुगडुगता पाय ती हळूच सांभाळायची, म्हणून ती मला लाडकी झाली.

पोहण्याच्या शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी ती विहीर बघायला उतरली. संध्याकाळी बैठकीआधी तिने चिटणीस अमृतला दारात गाठलं. मी आत होतो, पण सगळं ऐकू आलं.

"अमृतदादा, शिडी खालनं सुटलीया. वर धरली तर घट्ट वाटती, पर मधनं वजन पडलं की भिंतीपासनं सरकती. उद्या पोरं उतरवू नगा."

"मी बोलतो आत. तू काळजी करू नगंस."

अपेक्षा निश्चिंत होऊन माझ्यावर बसली. बैठक सुरू झाली. नानासोंनी आधीच जाहीर केलं की यंदा ते पद सोडणार, आणि त्यांच्या जागी अमृत बसेल. टाळ्या झाल्या. अमृतचा चेहरा फुलला. मग उद्याचं शिबीर. सांगलीहून पाहुणे येणार, मांडव पडलेला, गावभर आमंत्रणं गेलेली.

"कुनाची हरकत?" नानासोंनी विचारलं.

अपेक्षाने अमृतकडे बघितलं. अमृत आपल्या बोटांकडे बघत होता. तिची टाच माझ्या पायावर आपटू लागली.  तिचं वर्ष संपायला आलं होतं. अजून थोडा वेळ गप बसली असती तर खुर्ची तिची होती.

"नाना, शिडी—"

"अपेक्षा." नानासोंनी नुसतं माझ्याकडे बोट केलं. "बाकावर हाईस तू."

"मला उठवा, नाना. पर पोरास्नी उतरवू नगा."

शिडीचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. बाकावरून आवाज आला, एवढंच सगळ्यांनी ऐकलं. नानासो आवाज न चढवता म्हणाले, "ऊठ, पोरी. रीत ती रीत."

अपेक्षा उठली. तिचे डोळे भरले होते. दारापर्यंत जाऊन ती परत आली, आणि तिने मला एका टोकाला धरून ओढलं. मी जड, बाभळीचा. फरशीवर माझे पाय करकरले. सगळे बघत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात घातला. तो अमृत होता. त्याने मला उचललं. त्या दोघांनी मला मैदानातून नेलं आणि शिडीच्या वाटेत आडवं ठेवलं.

सकाळी अपेक्षा आणि अमृत माझ्याजवळ उभे होते. पोरं डबे घेऊन आली आणि माझ्यापाशी थांबली. मागून नानासो आले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. "बाक काडा," म्हणाले. कुणी हात लावला नाही. तेव्हा ते स्वतः मला ओलांडून वरच्या पायरीवर उभे राहिले. काही झालं नाही. त्यांनी अपेक्षाकडे बघितलं. ती म्हणाली, "वरचा खिळा धरून हाय, नाना. कठडा सोडू नगा आनि दोन पायऱ्या खाली उतरा." ते उतरले, तशी शिडी भिंत सोडून पुढे आली. दगडाचा चुरा पाण्यात पडला. अमृतने त्यांचं मनगट धरून त्यांना वर ओढलं.

नानासो माझ्यावर बसले. किती वर्षांनी बसले, पण पूर्वीसारखे ताठ नाही. बराच वेळ धापा टाकत होते.

"अमृत, तुला ठावं हुतं?"

"व्हय. तिनं सांगितलं हुतं मला."

"मग आत बोलला का न्हाईस?"

"या बाकावर गप बसायला शिकलो ते शिकलो, नाना. तुमी शिकवलं तसंच वागलो."

नानासोंनी मान खाली घातली. शिबीर पुढे ढकललं. पण जाताना ते अपेक्षाकडे न बघताच म्हणाले, "शिडीचं बगू. रीत मोडली, ती मोडलीच."

त्यानंतर शिडी तशीच आहे आणि अपेक्षाला अजून बोलावणं नाही. मी उन्हात तडकतो आहे. मांडवाचे बांबूसुद्धा गेले. संध्याकाळी पोरं माझ्यावर बसून सगळी एकदम बोलतात, तेव्हा बरं वाटतं. अपेक्षाही येते. माझ्या डुगडुगत्या पायाखाली तिने नवा दगड लावला आहे. पण लोक आता म्हणू लागले आहेत, की चांगला बाक उन्हात खराब होतोय, आत नेऊन ठेवा.

मित्रांनो, माझी एवढी काळजी करू नका. मला घासूनपुसून कार्यालयात ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण आधी ती शिडी बसवा. आणि कुणी मला उचलायला आलं, तर तुम्ही तिथे असाल तेव्हा गप बसू नका.