घरातला आवाज

कारकुनाने स्पीकर साक्षीदाराच्या पिंजऱ्याजवळ आणून ठेवला आणि कळ दाबली. "गोदामाला काडी लावीन, मग बस बोंबलत," फोनवरचा आवाज म्हणाला. संपलं.

ती कठडा घट्ट धरून उभी होती. आरोपीच्या जागी तिचा मुलगा, मागच्या बाकावर नवरा. त्या धमकीनंतर गोदाम खरंच जळलं होतं आणि आत झोपलेला रखवालदार जिवानिशी गेला होता.

ठाण्यात इन्स्पेक्टरने तिला हेच ऐकवलं होतं. पण ऐकवण्याआधीच म्हणाला होता, तुमच्या मुलाचा आवाज आहे, नीट ऐका. पोरगं मुळात तापट. बापाला मुकादमकीवरून काढलं म्हणून गोदामाच्या मालकाशी भर रस्त्यात भांडलेलं. तिला तोच ऐकू आला. हो म्हणाली, सही केली आणि घरी येऊन धाय मोकलून रडली. नवऱ्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. खरं तेच सांगितलंस, एवढंच म्हणाला. बापाचं काळीज असं असतं का? तेव्हापासून त्याने घरातला फोन उचलणंही सोडलं. वाजला की तिच्याकडे सरकवायचा. तिला वाटायचं, लोकांच्या चौकशा नकोत म्हणून.

आज सकाळी तिचे हात साबणाने भरलेले होते आणि त्याने सवयीने फोन उचलला. "हॅलो" एवढंच बोलला. नणंदेचा खणखणीत आवाज पार मोरीपर्यंत आला, अरे बाळा, सुटलास कधी? त्याने मुकाट्याने फोन ठेवला.

नणंद पहिल्यापासून अशीच फसायची. एकदा भाच्याला भाऊ समजून तिने आपल्या सासूच्या इतक्या कागाळ्या केल्या, की पोरगं आठवडाभर आत्याला चिडवत होतं. बापलेकाचा फोनवरचा आवाज कुणालाच वेगळा ओळखू येत नसे. घरात ही नेहमीची थट्टा, आणि ठाण्यात नेमकी तीच तिला आठवली नाही. नवरा तर शेजारीच बसला होता. त्यानेही आठवण करून दिली नव्हती.

"कुणाचा आवाज?" सरकारी वकिलांनी विचारलं.

तिने आरोपीच्या जागेकडे पाहिलं. मुलगा खाली मान घालून उभा होता. आईकडे त्याने अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

"बाई, ठाण्यात तुम्ही मुलाचा म्हणून ओळखलात."

"आमच्या घरातलाच आहे, साहेब."

मागच्या बाकावर नवरा जरा सैलावून बसला. ती न्यायाधीशांकडे वळली.

"पण आधी ह्यांना बोलायला सांगा," ती म्हणाली. "हेच वाक्य."

मुलाने मान वर केली. न्यायाधीशांनी चष्मा सारखा करून मागे पाहिलं आणि, कोण आपण, नाव काय, असं साधंच विचारलं.

नवरा उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि नाव लिहून द्यायला खिशात पेन शोधू लागला.