पट्टीवर चोवीस, तबकडीवर साडेवीस

मित्रांनो, रॅकेटला गटिंग करणारं, म्हणजे तारा ताणून जाळी भरणारं मी एक जुनं मशीन आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. म्हातारी यंत्रं सहसा गंजाची आणि अडगळीची रड सांगतात. गंज चढतो तर चढू दे. मला सांगायची आहे ती एक लबाडी. ती माझ्याच हातून करवून घेतली गेली, म्हणून माझं पित्त जास्त खवळतं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्यातला. काम सोपं. तबकडीवर किलोचा आकडा लावायचा, तार चिमट्यात धरायची, हँडल फिरवायचं. तेवढा ताण आला की माझा खटका पडतो आणि मी थांबतो. चोवीस लावलेत तर चोवीसच ओढणार. दुसरं काही मला येत नाही, पण एवढं येतं याचा मला गर्व होता.

मला विकत घेतलं रागनारने. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्टेनविक गावात तो दिवसा शाळेतली दुरुस्तीची कामं करायचा आणि संध्याकाळी टेनिस क्लबच्या तळघरात मला घेऊन बसायचा. त्याची मुलगी तुवा सहा वर्षांची असताना तिची आई दुसरा संसार मांडायला गॉथेनबर्गला निघून गेली. तेव्हापासून तुवा शाळा सुटली की थेट तळघरात यायची, उलट्या बादलीवर बसून दालचिनीचा पाव खायची आणि तारांचे तुकडे गोळा करायची. बापलेक फारसं बोलत नसत. आमच्याकडे भांडण टाळायचं तर कॉफी ओततात, आणि रागनारच्या किटलीत कॉफी कधी आटली नाही.

तुवा खेळायला लागली आणि गावाला कळलं की ही वेगळीच आहे. तिचा फोरहँड असा यायचा की क्लबातले मोठे पुरुष मागे सरकायचे. सतराव्या वर्षी ती व्यावसायिक झाली. मग मी तळघर सोडलं. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या भागात मला पट्ट्याने बांधून रागनारने अर्धा युरोप फिरवला. एकेका आठवड्याला एकेक गाव. कुठे प्रेक्षकांत चार माणसं आणि एक कुत्रा, कुठे पहिल्या फेरीत हरून त्याच दुपारी सामान आवरायचं. पण सगळीकडे रॅकेट माझ्यावरूनच जायची. रॅकेट तयार झाली की रागनार दांड्याच्या वरच्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून आकडा लिहायचा. २४. तुवा ती पट्टी पाहायची, जाळी तळहातावर आपटून आवाज ऐकायची आणि म्हणायची, "झकास, बाबा." दुसरी पाहणी तिने कधी केली नाही. बापाने लिहिलं म्हणजे लिहिलं.

सव्विसाव्या वर्षी ती जगात एकशे बारावी होती. अजून आठ-नऊ पायऱ्या चढली असती तर मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश, पात्रता फेऱ्यांची कटकट संपली. प्रशिक्षक होती इल्वा. तोंडाची फटकळ, पण खेळ ओळखणारी बाई. आणि नेमका तेव्हाच तुवाचा खांदा दुखायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, जाळी थोडी सैल करा, हाताला धक्के कमी बसतील. त्या दिवशीचं बोलणं माझ्यासमोर झालं.

"बावीस करू या," रागनार म्हणाला.

"नाही. सैल जाळीने चेंडू बाहेर जातो. चोवीस."

"खांदा आयुष्यभर लागतो, तुवा."

"आणि फोरहँड पुढची चार-पाच वर्षं लागतो. चोवीस, बाबा."

रागनारने कॉफी ओतली. ती गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. मग त्याने माझी तबकडी साडेतेवीसवर फिरवली आणि पट्टीवर लिहिलं, २४.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. पण मला खटका आहे, तोंड नाही. साडेतेवीस सांगितले, मी साडेतेवीस ओढले.

महिन्याभराने तेवीस. मग साडेबावीस. गटिंगवाल्यालाच सुचावी अशी ही युक्ती. एकदम तीन किलो कमी केले असते तर तुवाने पहिल्याच चेंडूला रॅकेट परत आणली असती. पण अर्धा-अर्धा किलो उतरवत गेलं की हात सरावतो, कानही सरावतो. फक्त चेंडू सरावत नाही. तो रेषेच्या बाहेर पडू लागला. आधी बोटभर, मग वीतभर.

तुवाला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं. ती पहाटे उठून जास्तीचे दोनशे, तीनशे फोरहँड मारू लागली. म्हणजे ज्या खांद्याला जपायचं म्हणून हे सगळं चाललं होतं, त्याच खांद्यावर दुप्पट ओझं पडलं. रागनार हे बघत होता. बघून त्याने काय केलं? तबकडी आणखी खाली आणली. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण मला ना तळपाय ना मस्तक.

इल्वाला संशय आला होता. एका पावसाळी दुपारी ती एकटीच आली.

"रागनार, एक विचारू? ताण तोच आहे ना?"

"कुठला ताण?"

"जाळीचा. पोरीचा फटका चांगला आहे, मी चित्रफिती दहादा पाहिल्या. हात बरोबर, पाय बरोबर, आणि चेंडू बाहेर. मला डोकं बडवून घ्यावंसं वाटतंय."

"तोच आहे," रागनार म्हणाला. "पट्टीवर लिहिलंय की."

माझ्या अंगावर हात ठेवून तो हे म्हणाला. पुढच्या महिन्यात तुवाने इल्वाला काढून टाकलं. फटका चांगला आहे असंच म्हणत राहणारी प्रशिक्षक तिला खोटी वाटू लागली होती. खऱ्याला खोटं ठरवून बाहेरचा रस्ता दाखवला आणि खोटा तिथेच बसून कॉफी पीत राहिला. हे मी कधी विसरणार नाही.

दोन वर्षांत ती दोनशे आठवर आली.

त्या वसंतात आम्ही पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीसाठी गेलो. मुख्य स्पर्धेत जायला तीन सामने जिंकावे लागतात. पहिला ती कसाबसा जिंकली. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी मी हॉटेलच्या खोलीत टेबलावर होतो आणि रागनार मैदानावर. दुपारी चारच्या सुमाराला दार उघडलं. तुवा आत आली, दोन्ही हातांत दोन रॅकेट. मागोमाग रागनार.

"जिंकलीस, आणि चेहरा असा का?" त्याने विचारलं.

तुवाने रॅकेट पलंगावर ठेवल्या. "पहिला सेट हरले तेव्हा माझ्या दोन रॅकेटच्या तारा तुटल्या होत्या. एक मी तिथल्या गटिंगच्या खोलीत पाठवली. वीस मिनिटांत परत आली. पहिले दोन चेंडू नेटमध्ये गेले. तिसरा रेषेवर पडला, आणि मग सगळे आत."

रागनारने कोट काढून खुंटीला अडकवला.

"मी तिथल्या गटिंगवाल्या बाईचे आभार मानायला गेले. म्हटलं, ओदिल, काय जादू केलीस? ती म्हणाली, जादू कसली, पट्टीवर चोवीस होतं, चोवीस ओढलं. मग तिने माझी दुसरी रॅकेट मोजली." तुवाचा आवाज अजिबात चढला नव्हता. "म्हणाली, यात वीससुद्धा नाहीत. ज्याने केलंय त्याला आधी काढून टाक."

"तारा वापराने सैल पडतात, तुला माहीत आहे."

"चार किलो?"

रागनारने किटलीकडे हात नेला. तुवाने किटली उचलून न्हाणीघरात ठेवली आणि परत आली.

"तबकडी बघू," ती म्हणाली.

ती माझ्यासमोर वाकली. माझ्यावर साडेवीस लावलेले होते. सकाळपासून ते तसेच होते, कारण आपली पोरगी कधी बघणार नाही याची त्या माणसाला एवढी खात्री होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या भल्यासाठी केलं," रागनार म्हणाला. "खांदा गेला असता."

"गेलाच आहे. रोज तीनशे फोरहँड जास्तीचे मारले मी, तू ते मोजायला उभा असायचास. इल्वाला मी काय काय बोलले, बाबा. तू शेजारी बसला होतास."

"तू ऐकलं नसतंस."

"विचारून तर बघायचं होतंस. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. भांडायचं होतंस माझ्याशी. मी तेवीसवर आले असते."

मित्रांनो, रागनार तेव्हा पलंगाच्या कडेवर बसला आणि रडला. पुष्कळांना त्याची दया येईल. मला आली नाही. लेकीवर जीव होता हे मी नाकारत नाही, पण जीव आहे म्हणून तिच्या हातातलं हत्यार गुपचूप बोथट करायचं, आणि ती स्वतःला दोष देत झिजत असताना गुमान बघायचं, याला मी प्रेम म्हणणार नाही.

तुवाने माझी तबकडी तेवीसवर लावली. लहानपणी शेजारी बसून हे काम तिने हजारदा पाहिलं होतं, पण केलं कधीच नव्हतं. चिमटा दोनदा सुटला, तारेने बोट कापलं.

"तिथे आधी दुसरा चिमटा लाव," रागनार हळूच म्हणाला.

"हात लावू नकोस."

तीन रॅकेट करायला तिला संध्याकाळ पुरली. शेवटी तिने चिकटपट्टी फाडली आणि स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, २३. मग इल्वाला फोन लावला. बोलणं लहानच झालं. इल्वा आता दुसऱ्या मुलीबरोबर होती. ती परत आली नाही, आणि का यावं तिने?

दुसऱ्या दिवशी तुवा तिसरा सामना तिसऱ्या सेटमध्ये सहा-चार असा हरली. मुख्य स्पर्धा हुकली. खांद्यावर बर्फ बांधून ती खोलीत आली. रागनार दारात उभा होता.

"वारा फार होता आज," तो म्हणाला.

"वारा नव्हता. ती माझ्यापेक्षा चांगली खेळली." तुवा खुर्चीत बसली. "मी हरले, बाबा. दोन वर्षांत पहिल्यांदा माझी मी हरले."

ती पुढे तीन वर्षं खेळली. एकशे बारा परत दिसला नाही. मित्रांनो, मला तेल घाला, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, असं मी म्हणायला हवं, पण ते जाऊ दे. तुम्हाला कुणाची काळजी वाटत असेल तर तोंडावर सांगा, वाद घाला, चार दिवस अबोला धरा. त्याच्या नकळत त्याचा आकडा बदलू नका. कारण तो हरेल तेव्हा स्वतःलाच शिव्या देईल, आणि ते तुम्हाला माझ्यासारखं गप्प बसून ऐकावं लागेल.